अठ्ठावन्नपर्यंत

१४ मे २००४, शुक्रवार

आज सकाळी पिठाच्या गिरणीत उशिरा येतो म्हणून निरोप ठेवला आणि शांताबरोबर स्टुडिओत गेलो. पेन्शनच्या अर्जाला नवराबायकोचा जोडफोटो लागतो. माझी पन्नास पुरी व्हायला अजून पंधरा-वीस दिवस आहेत, पण मेव्हणा दत्ता वकिलाकडे कारकून, त्याला कागद आधी तयार लागतात. तोच आम्हाला घेऊन गेला.

शां.ने ठेवणीतली हिरवी इरकल नेसली होती. दोन खुर्च्यांवर बसलो. फोटोवाला म्हणाला, जवळ सरका, सरकारी फोटोत नवराबायको दिसायला पाहिजेत. सरकलो.

झालं म्हणून उठत होतो, तर दारातून दत्ता म्हणाला, "भावजी, एकट्याचा पण एक काढून घ्या. बसलाच आहात."

"कशाला?"

"असू दे की. लागतो."

फोटोवाल्याने विचारलं, केवढा. दत्ता बहिणीकडे बघू लागला. शां.ने पदराआड दोन्ही हात धरून माप दाखवलं. मला दिसलं. त्या मापाची चौकट आमच्या घरात एकच आहे, अप्पांच्या फोटोची. अप्पा जाऊन तीस वर्षं झाली.

फोटोवाला कन्नड. "नगब्याड्री," म्हणाला. हसू नका. मी हसत नव्हतो.

१६ मे, रविवार

द. केशवापुराहून सकाळच्या बसने आला. तो आल्यावर बोलणं एकच.

कारखाना बंद पडून वर्ष झालं. नियम आता मला पाठ आहे. नोकरी सुटलेल्याला पन्नाशीनंतर पेन्शन मागता येते, पण कापून. जितक्या लवकर मागाल तितकी जास्त कापतात. पूर्ण पाहिजे असेल तर अठ्ठावन्नपर्यंत थांबायचं. एकदा कापलेली जन्मभर कापलेली.

द. म्हणाला हिशेब सोपा आहे. सोपा म्हणजे मी किती जगणार तेवढं ठरवायचं.

आई कॉटवर सुपारी कातरत होती. त्याने तिलाच विचारलं. "आत्ती, अप्पा कितव्या वर्षी गेले?"

"बावन्न. बैल सोडता सोडता."

"आणि काका?"

"धाकटा त्येच्या आधी. पन्नास तरी पुरी झालीती का न्हाई. आणि आमचा थोरला, ह्येचा भाऊ, चोपन्न. आमच्यात बापय टिकत न्हाईत बाबा. बायका टिकतात." आणि हसली. खालचे दोन दात राहिलेत तेवढे दिसले.

साक्षीदाराने हवं ते सांगितल्यावर वकील मान हलवतात तशी द.ने मान हलवली. "मग भावजी, अठ्ठावन्न कुणासाठी?"

आत शां. भाकरी थापत होती. थापणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

मी विचारलं, "आणि न घेताच गेलो तर? शांताला काय?"

"तो हिशेब वेगळा," म्हणाला आणि चहा मागितला.

१ जून, मंगळवार

दाखल्याप्रमाणे आज पन्नास पुरी. आमच्या गावच्या गुरुजींनी अख्खा वर्ग एक जूनला जन्माला घातला होता. खरा दिवस आईलाही सांगता येत नाही. "पेरणी झालीती," एवढंच.

तरी शां.ने ओवाळलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, कधी ओवाळलं नव्हतं. पुरणाची होळगी केली आणि वर तुपाची धार. हल्ली ही तूप फार घालते. चैत्रापासून बघतोय. आधी अर्धा चमचा, तोही मागितला तर.

आई कुरकुरली. "एवढं तूप कुणाच्या जिवावर?"

"खाऊ देत की, आत्ती." डोळे पुसले. निरांजनाचा धूर म्हणाली.

सायंकाळी देवघरात जास्त वेळ बसलो. गावच्या देवीचा टाक आहे, त्याला फूल वाहिलं. काय मागायचं ते ठरेना. न मागता उठलो.

११ जून

शेजारच्या बूथवर रेखाचा फोन आला म्हणून पोरगं बोलवायला आलं. हल्याळला दिल्यापासून ती सणाला फोन करते. आज सण नव्हता.

"बाबा, घेऊन टाका की. मामा सांगत होता. उगाच सरकारला ठेवून कशाला जायचं..."

मीच विचारलं, पोरं कशी आहेत.

गिरणीचा मालकही रोज विचारतो. "एन्री, इन्नू तगोंडिल्लेन?" अजून घेतली नाही का. त्याला वाटतं पेन्शन आली की मी गिरणीतला पगार वाढवून मागणार नाही. दळणाच्या बाया पण विचारतात. पीठ अंगावर असतं, त्यामुळे चेहरा झाकून राहतो, बरं आहे.

६ जुलै, मंगळवार

जवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन आलो. आमचे कारखान्यातले जुने साहेब तिथे आता स्वतःचं लहान वर्कशॉप चालवतात. पत्र्याची शेड, चार मशिनं. म्हणाले, "परशराम, स्टोअर सांभाळायला ये. पगार जास्त नाही देणार. पण पी.एफ. भरीन." पी.एफ.ची नोकरी म्हणजे मागची सर्व्हिस पुढे चालू. ती चालू आहे तोवर कापलेली पेन्शन मागायचा प्रश्नच नाही. सरळ अठ्ठावन्न.

स्टोअरमध्ये बोल्ट आणि वॉशर एकाच डब्यात टाकलेले. हात शिवशिवले.

येताना बसमध्ये फार बरं वाटत होतं. घरी येऊन सांगितलं.

शां. म्हणाली, "तिथे लागलात की पेन्शन अडकली."

"अडकत नाही. अठ्ठावन्नला पूर्ण मिळेल."

"कुणाला?"

मग तीच म्हणाली, तुम्हाला दम लागतो, पत्र्याखाली उन्हाळ्यात कसं व्हायचं. मला दम लागत नाही. रोज पहाटे केलगेरीच्या तळ्याला फेरी मारून येतो, ती उठायच्या आत.

साहेबांना होय म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. दिवाळीपर्यंत जागा ठेवतो म्हणालेत.

१८ जुलै, रविवार

आजपासून अधिक श्रावण. आईने सांगितलं, अधिकात नवीन कशावर सही करायची नाही. द. वैतागला, पण आईपुढे बोलत नाही. महिनाभर सुटका. शाळेत असताना तपासणीचे साहेब येणार येणार म्हणून आम्ही घाबरून बसायचो आणि ते यायचे नाहीत, तसं वाटलं.

या महिन्यात रोज एक अध्याय वाचायचा ठरवलं आहे.

९ ऑगस्ट, सोमवार

चार दिवस अंथरुणात. ताप, जुलाब. पोथी वाचायची राहिली.

काल दुपारी डोळे उघडले तर पायाशी दत्ता. कुणी बोलावलं विचारलं नाही. मांडीवर पिशवी, पिशवीवर अर्ज.

"भावजी, सही तेवढी करून ठेवा. तारीख नंतर घालू."

"अधिक महिना आहे."

"आजारपण महिना बघत नाही."

आईकडे बघितलं. ती कॉटवरून म्हणाली, "कर रे बाबा. सहीनं काय हुतंय."

केली. नाव वाकडं आलं. शां. वाकून शाईवर फुंकर घालत होती. तिच्या केसांना दळलेल्या मेथीचा वास होता. माझ्या डोक्यावर हात ठेवील असं वाटलं. कागद वाळला तसा तिने द.ला दिला.

११ ऑगस्ट

उठलो. मऊ भात खाल्ला, अंगणात खुर्चीवर बसलो. द. फाटकातून आत आला, मला बघून उभाच राहिला.

"उठलात होय."

एवढंच म्हणाला. पण सुट्टी काढून आला होता हे नंतर शां.च्या बोलण्यात आलं.

मी सांगितलं, मी म्हटल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही. "अर्ज तुमचा, भावजी. मी कोण," म्हणाला. पिशवी काखेत घट्ट धरून गेला.

७ सप्टेंबर, मंगळवार

बाजारात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. समोरच दुकान. आत गेलो, एक जोड पायात घालून बघितला, मऊ होता. शां.ने हातात घेऊन उलटासुलटा केला आणि परत फळीवर ठेवला. "शिवल्या तर याच चालतील की तुम्हाला."

चांभाराने शिवल्या.

पुढच्या दुकानात तिने स्वतःला पिठाचा डबा घेतला. पातळ नको, जाड पत्र्याचा दाखवा म्हणाली. बोटाने वाजवून घेतला.

किमतीचं मला काही वाटलं नाही. पण डबा मी घरी आणला, डोक्यावर, शिवलेल्या चपला घालून, आणि सबंध वाटेत काहीतरी टोचत होतं. अंगठ्याचा टाका असेल.

५ ऑक्टोबर

पितृपक्ष. अप्पांची तिथ. गच्चीवर पान ठेवलं. कावळा येईना. आई काठी टेकत वर आली, "भजी पुढं करा, त्यास्नी भजी आवडायची." भजी पुढे केली, आला.

खाली उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "तुला काय आवडतंय रे परश्या? सांगून ठेव. ह्या पोरीला म्हाईत पायजे."

"आत्ती," शां. म्हणाली.

मी म्हणालो, भरली वांगी. विचारलं तर सांगायला काय.

जेवताना जाहीर केलं की दसरा झाला की गावाला जातो आणि देवीला कौल लावतो. आता घ्यायची की थांबायचं, ती सांगेल. द., आई, रेखा, गिरणीवाला, कुणाचं ऐकायचं नाही. मनातून मोठं ओझं उतरलं. आधीच का सुचलं नाही.

शां.चा घास हातात राहिला. "पुन्हा कशाला?"

"पुन्हा म्हणजे? मी कधी लावला?"

"जिभेवर आलं," म्हणाली.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

लिहून ठेवतो, नाहीतर उद्या वेगळं आठवेल.

अळणावरला बसमधून उतरून चालत गाव. आंघोळ करून, उपाशी. देवळात बाबू गुरव एकटाच होता. माझ्याच वर्गातला, तोही एक जूनचा. देवीला पाणी घातलं होतं, दगड ओला.

आमच्याकडे कौल असा: गुरव देवीच्या अंगावर डाव्या-उजव्या बाजूला एकेक ओली पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तोवर कुणी बोलायचं नाही. आणि देवीच्या अंगाला गुरवाशिवाय कुणी बोट लावायचं नाही. हे आम्हाला पाटी धरायच्या आधी शिकवलं होतं.

"काय इचारायचं?" बाबूने शेवंती सोडवत विचारलं.

"पेन्शन आता घेऊ का."

त्याचा हात थांबला. "परश्या, एकाच गोष्टीला दोनदा कौल लावत न्हाईत."

"मी कधी लावला?"

"तू न्हाईस." इकडे तिकडे बघितलं. "तुला सांगितलं न्हाई व्हय त्यांनी? माझ्या तोंडातनं गेलं बघ."

मग सांगितलं. चैत्रात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी शां. आली होती. आई पण होती बरोबर. मला रेखाकडे जातो म्हणून सांगून गेल्या होत्या त्या. शां.ने देवीला विचारायला सांगितलं, हे अठ्ठावन्न बघतील का.

"माणसाच्या आयुष्याचं देवीला इचारत न्हाईत. मी म्हणलं की तिला तसं. पायरीवर बसून रडाय लागली. तुझी आई म्हणाली, लाव रे, आमाला कळू दे. मग लावला."

"आणि?"

"डावी."

मी देवीची डावी बाजू बघितली.

"लगीच पडली," बाबू म्हणाला. "चिकटवून हात काढतोय तवर."

खांबाला टेकून बसलो. चैत्रापासून तूप. मला भूक लागली होती आणि त्याच वेळी मी तेच तूप आठवत होतो, वाटीच्या कडेने सुटणारं. घरात सगळ्यांना माहीत. सहा महिने. मी अंगणात खुर्चीवर बसलो होतो तेव्हाही.

बाबूने पाणी आणून दिलं. प्यायलो नाही. म्हणालो, "मग आता तिचं लाव."

"कुणाचं?"

"शांताचं. माझ्याआधी जाईल का, विचार."

"हे बरं न्हवं."

"माझं विचारलंस ना?"

त्याने हात धुतले. मग दोन पाकळ्या घेतल्या, पाण्यात बुडवल्या, लावल्या. तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं घातलं. शां.चं नाव घेतलं ते मला ऐकू आलं, माहेरच्या नावाने. गाभाऱ्यात बाईचं माहेरचंच नाव सांगतात.

उजवी पडली तर ती आधी. मी उजव्या पाकळीवर नजर लावून बसलो. काय पडावं म्हणून बसलो होतो ते देवीला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

काहीच होईना. समई फुरफुरली. मग उजव्या पाकळीच्या टोकाला पाणी जमलं आणि ती वरच्या कडेने सुटायला लागली. वाकली. मी उठलो, उंबरा ओलांडून आत गेलो आणि अंगठ्याने ती दाबून धरली.

बाबू ओरडला नाही. "काय केलंस," एवढंच.

दगड माठासारखा गार होता. पन्नास वर्षं लांबून नमस्कार केला, आज पहिल्यांदा हात लागला. अंगठा काढला तर पाकळी अंगठ्यालाच चिकटून आली. डावी होती तिथेच.

"आता ह्येला काय म्हणायचं?" मी विचारलं.

"पडली म्हणता येत न्हाई. न्हाई पडली बी म्हणता येत न्हाई." तो डावी पाकळी काढून दगड पुसू लागला, माझा अंगठा लागलेली जागा दोनदा. "नारळ फोड आणि जा. बाकी तिचं ती बघंल."

नारळ फोडला. चांगला निघाला.

पाकळी खिशात घालून आलो. वाटेत टाकवेना.

घरी शां.ने विचारलं, "काय सांगितलं देवीनं?"

"बाबू भेटला नाही," म्हणालो.

२९ ऑक्टोबर

अंगठा लपवतोय. काहीही झालेलं नाही त्याला. जेवताना भात त्याच अंगठ्याने पुढे सारावा लागतो, तेव्हा हात थांबतो.

तीन दिवस शां.कडे बघतोय. बसली की उठताना गुडघ्याला हात लावते. जिना चढली की कठड्याला धरून जरा थांबते. पूर्वीपासून थांबत होती का? सकाळी दोनदा खोकली. ती चैत्रापासून माझ्याकडे असंच बघत असेल. एकदा बघायला लागलं की डोळा दुसरीकडे जात नाही.

पोथी उघडतो आणि मिटतो.

३ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी आई शेजारी गेली होती. शां. ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी समोर बसलो.

"बाबू बोलला," म्हणालो.

ती खडे काढत राहिली. "मला वाटलंच. गावाहून आल्यापासून तुमची नजर बदललीय."

"का विचारलंस?"

"तुम्ही विचारलं असतं?"

"माणसाचं आयुष्य विचारतात काय?"

"सगळे तेच विचारत होते. दत्ता, आत्ती. गिरणीवाला पण. मी नुसतं देवीला विचारलं."

मग तीच बोलायला लागली. कधी एवढं बोलत नाही. द.ने तिला आधीच सांगून ठेवलं होतं, अक्का, भावजी न घेता गेले तर तुला जास्त येईल, घेऊन गेले तर अर्धी, तेव्हा गप्प बस आणि घेऊ देऊ नकोस. हिने त्याला उलट सांगितलं की नाही, त्यांना घ्यायला लाव, आता लाव. "मला अर्धी तर अर्धी. कापून तर कापून. वीस वर्षं तिथे लोखंडात हात काळे केले. थोडी तरी तुमच्या पोटात जाऊ दे."

हे ऐकून मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. तोंडातून आलं, "आणि फोटो? माप तूच दाखवलंस."

"तो लागलाच असता की कधीतरी." सूप हलवलं. "रोज तुम्हाला झोप लागली की नाकाखाली बोट धरून बघते. चैत्रापासून. मग मला झोप लागते. दमले मी आता."

"अजून आठ वर्षं धर," मी म्हणालो.

बोलून गेलो. तिने सूप खाली ठेवलं. तांदूळ अर्धे निवडलेले, अर्धे तसेच. आत गेली.

अंगठ्याचं तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतंय.

९ नोव्हेंबर

द.चा निरोप, दिवाळीआधी अर्ज देऊन टाकतो, तारीख काय घालू. शां. म्हणाली, त्यांना विचार.

आम्ही दोघं कामापुरतं बोलतो. आईला कळलंय काहीतरी. "भांडलासा व्हय?" म्हणून दोनदा विचारलं. नंतर मला एकट्याला गाठून म्हणाली, "देवीचं मनावर घिऊ नगंस. तुझ्या बापाला कुणी सांगितलं हुतं? तरी गेलाच की."

मायेने म्हणाली.

११ नोव्हेंबर

विचार केला, आणि हिशेब असा दिसला. आता घेतली तर देवीचं ऐकलं. म्हणजे आजपासून मी जाणारा माणूस, घरातही आणि माझ्या मनातही. थांबलो आणि देवीचं खरं ठरलं तर शां.ला जास्त मिळेल. खोटं ठरलं तर मला पूर्ण. द.च्या कागदावर मांडलं तर थांबणं चुकत नाही.

पण मी कागदासाठी थांबत नाही. देवी खोटी पडावी असं मला वाटतं. लिहून ठेवतो, तिच्यापासून काय लपणार, आता तर अंगाला हात लावून आलोय. आणि आठ वर्षं शां.ला माझ्याकडे बघत बसवायचं, हेही त्यात आहे. नाही म्हणवत नाही. ती माझ्या पोटात जाऊ दे म्हणाली, आणि मी असा.

रोज देवपूजा करून माणूस एवढाच होतो का.

१५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पूजा केली. टाकापुढे ती पाकळी ठेवली होती, वाळून काळी झाली आहे. तशीच राहू दिली. गिरणीवाल्याला किल्ली दिली आणि बेलूरची बस धरली.

साहेब म्हणाले, आलास, मला वाटलं नाही येत. पी.एफ.चा फॉर्म भरला. जुना नंबर घातला. वारस म्हणून शां.चं नाव. दिवसभर बोल्ट आणि वॉशर वेगळे केले. जेवायला काही नेलं नव्हतं, साहेबांनी अर्धी भाकरी दिली. शेडमध्ये चपला चालत नाहीत म्हणाले, म्हणून येताना बूट घेतले, जाड तळाचे.

घरी दत्ता बसला होता. बूट बघितले त्याने. मी सांगितलं, आजपासून नोकरीला लागलो, फॉर्म भरला, अर्ज आता देता येणार नाही.

वाटलं भांडेल. भांडला नाही. थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "एका अर्थी बरंच झालं म्हणा. न घेता गेलात तर अक्काला..." बहिणीकडे बघून थांबला. पिशवीतून अर्ज काढला, माझी तापातली वाकडी सही होती तो. त्यावरचा जोडफोटो जपून सोडवला आणि तिच्या हातात दिला. "असू दे. चांगला आलाय." चहा न घेता गेला.

आई म्हणाली, "म्हंजे आता रोज डबा लागंल."

"होय."

"किती दिस?"

"अठ्ठावन्नपर्यंत."

आईने शां.कडे बघितलं. शां. पाठमोरी होती. जोडफोटो तिने मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला आणि पाट मांडला.

मी जेवायला बसलो. भरली वांगी होती. तिने भात वाढला, मध्ये खळगा केला, वरण घातलं. मग तुपाची वाटी आणली आणि घातलं. अर्धा चमचा. चैत्राच्या आधी घालायची तेवढंच. आणखी मागावं का, कळेना. ती वाटी हातात धरून उभी होती.